लाल दोऱ्याचं पिल्लू

— नाही नाही, असं नाही, इवाई. एसटीचं स्टेरिंग नव्हे ते. असं धराल त मुंडकं बाहीर काढून टोच मारन तुमाले. दोन्ही हातानं धरा. एक हात पोटाखाली, दुसरा पंखावरून — हां, असा — अन् तो दुखरा पाय बोटाइच्या मंधातून खाली येऊ द्या, माह्याकडं. धराचं, पण दाबाचं नाही. लेकरू धरता तसं. तुमाले का सांगाव, तुम्ही दोन पोरी वाढवल्या — मशीन? शिलाईची मशीन का कुठी पळून चालली? तठीच आहे खिडकीजवळ, तुमच्या पोरीनं ठेवली तठीच. न्या ना. म्या कुठी नाही म्हटलं? तुम्ही देल्ली लग्नात, तुमच्या पोरीची मशीन, मी कोण अडवणारी. पण या पिल्लाचा पाय भिजून होऊ द्या आधी. पाणी कोमट आहे तवरच कामाचं, मंग मले परत चूल पेटवा लागते. अन् घरी दुसरं माणूस नाही. तुमचा जावई अश्वजित गेला कापसाच्या जिनिंगवर, तो येते दिवस बुडता. मी एकटी पिल्लू धरू का पाय धुवू? तुम्ही आले म्हटलं बरं झालं, दोन हात आले.

मारू द्या त्याले हॉर्न. मारेगावहून आणला न तुम्ही ऑटो, मंग थांबन तो, जाईन कुठी. हे पाहा इकडं, दिसते का? हे बोटाइच्या वरचं. सुजून बोराएवढं झालं. अन् वर हे काळं, हे खपली; सारा बखेडा हिच्याखाली आहे. आधी भिजवाचं, खपली नरम पडू द्याची, मंग चिमट्यानं हळूच उचलाची — घाई केली त रक्त येते. या गंजातल्या पाण्यात खडे मीठ टाकलं अन् चिमूटभर हळद. हे माहं शहाणपण नव्हे बरं, तुमच्या पोरीचं आहे. बचत गटाच्या बाया गेलत्या ना कोंबड्याच्या ट्रेनिंगले, तवा शिकून आली. मंग का विचारता, घरात दुसरी गोष्टच नाही. आई, खुराड्यात भुसा टाका, गोटे टोचते पायाले. आई, पाय सुजला त मिठाच्या पाण्यात भिजवा. आई, कोंबडीचा पू आपल्यावानी वाहत नाही, पिवळा खडा होते, पनीरवानी, तो दाबाचा नाही, उचलाचा. म्या म्हटलं, माय, उभा जन्म गेला माहा कोंबड्या पोसता पोसता, एकाही कोंबडीले म्या पट्टी नाही बांधली. आमच्या घरी लंगडी कोंबडी रविवारलोक टिकतच नव्हती. — पाहा, तुम्ही हसले. ते नाही हसली. तोंड फुगवलं अन् मशीनवर जाऊन बसली, घर्र घर्र घर्र, संध्याकाळलोक. अन् आता मी पाहा, तिनं सांगतलं तसंच करून राह्यली, मीठ बी खड्याचंच घेतलं. तिच्यासाठी नाही हो. मुकं जनावर आहे, म्हणून.

काटा? काटा नाही गेला. दोरा आहे तो, आत रुतला. तुमच्याकडं मारेगावात कोंबड्या नाही ना आता, तुमाले समजाचं नाही. आमच्या गल्लीतल्या साऱ्याइच्या कोंबड्या एकाच उकिरड्यावर चरते. संध्याकाळी कोणती कोणाची, यावर रोज भांडण. म्हणून पिल्लाच्या पायाले ज्याचा त्याचा दोरा बांधाचा, कोणाचा निळा, कोणाचा काळा. पण पिल्लू वाढते, दोरा काही वाढत नाही, म्हणून मंधामंधात सोडून सैल बांधा लागते. हे सारं गाव करते, यात काही नवीन नाही. एकाच घरात दोन रंगाचे दोरे मात्र फक्त आमच्या घरी. सासूचा हिरवा, सुनेचा लाल. गल्लीतल्या बाया लय हसल्या.

काहून म्हणता? तुमच्यापायी. अशे पाहू नोका माह्याकडं, खरं तेच सांगून राह्यली. मांगं तुम्ही आलते ना मोटरसायकलवर, भर दुपारचे, काही सांगणं नाही, फोन नाही? घरात भाजीले काय होतं, त चार वांगे. आता पोरीचा बाप पयल्यांदा आपल्या घरी जेवाले बसते, त्याले का वांगे वाढू? गल्लीत तोंड दाखवाची सोय राह्यली असती का मले? तुमची उर्वशी गेलती मीटिंगले. म्या त्या तांबड्या कोंबड्याले धरलं. हाव, तिचाच होता. लहानपणापासून हातावर दाणे खाऊ घातले तिनं त्याले. ते मशीनवर बसली का हा पायडलपाशी येऊन बसाचा, चिंध्या टोचत. मले का माहीत नव्हतं का? सारं माहीत होतं. पण बाकीच्या कोंबड्या अंड्यावरच्या, त्या का कापाच्या असते? पाहुण्याले कोंबडाच कापते माणूस. अन् तुम्ही — मिटक्या मारत जेवले, इवाई. तर्री दोनदा मागून घेतली. म्हणे, नलूबाई, हात धुवावा वाटत नाही. तिनंच वाढलं तुमाले. वाढता वाढता पातेल्यात पाह्यलं, मंग मशीनपाशी पाह्यलं, अन् तिचा हात थांबला. तुमाले नाही दिसलं, तुम्ही नळी चोखत होते. मले दिसलं. बापासमोर एक शब्द नाही काढला पोरीनं, तेवढं वळण तुमचं चांगलं आहे, म्या कव्हाही कबूल करते. तुमची गाडी गल्लीच्या बाहीर पडली, अन् उर्वशी मशीनवरचं लाल रीळ घेऊन अंगणात.

म्हणे, आई, आजपासून माह्या कोंबड्याइले लाल दोरा. लाल दोऱ्याले कोणी हात लावाचा नाही. — कोणी म्हणजे कोण? घरात आम्ही तिघं. अश्वजित त कोंबडीले भेतेच. म्या म्हटलं, बरं बाप्पा. मंग म्याही हिरवं रीळ आणलं. तिच्याच डब्यातून, मंग कुठून आणू? जराक वर उचला पिल्लाले, चोच पाण्यात गेली त्याची.

इथलोकही चाललं असतं. पण एकदा वेगळं करा लागले का मंग सारंच वेगळं होते. तिचे पिल्लं त्या बांबूच्या डालीखाली, माह्ये या डालीखाली. तिची ताटली वेगळी, माही वेगळी. माह्या कोंबडीनं तिच्या ताटलीत चोच घातली त हे म्हणते, आई, तुमची कोंबडी आवरा. कोंबडी आवरा म्हणते मले. कोंबडीले का समजते का ताटली कोणाची? तवा म्या म्हटलं, कोंबड्या वेगळ्या केल्या, आता चूल बी वेगळी मांड. — हाव, म्हटलं. तिनं सांगतलं असन तुमाले. मजाकीत म्हटलं. हसून? हसून नाही म्हटलं, पण मजाकीतच. मजाक कराची त हसाच लागते का माणसाले? तिनं पिशवी भरली. मावशीच्या पोरीचं लग्न होतंच तुमच्याकडं, त्याचं निमित्त केलं अन् गेली. त्या पोरीले लग्न होऊन आता डोहाळे लागले असन, पण आमची बाई काही लग्नातून आली नाही. म्या बलावलं नाही. काहून बलावाव? मी मायेरी जाऊन बसली का माही सासूही मले बलावत नव्हती. मीच आपली यायची, खाली मान घालून, पिशवी डोक्यावर घेऊन. असंच असते ते. निदान आमच्या वक्ती असंच होतं.

काय पाहता मशीनीकडं? चमकते? मंग, धूळ बसू देऊ का तिच्यावर? तेल म्या घातलं. जंग चढला असता त तुम्हीच म्हटलं असतं, सासरच्याइनं खराब केली. म्हणून घालते. अन् तेल घातल्यावर पायडल मारून पाहाच लागते जराक. दुपारी माराचं दहा-पाच मिनटं. घरात कोणताच आवाज नसते ना दुपारचा, घर खायाले उठते — नाही, म्हणजे तिचा आवाज बरोबर आहे का, ते समजते शांततेत. मशीनीचा. हलू नोका तुम्ही, पिल्लू निसटन.

बाकीचे कुठी म्हणजे? लाल दोऱ्याचे? ते — बोक्यानं नेले. त्यात माही काय चूक? डालीवर गोटा ठेवा लागते झोपाच्या आधी, नाही त बोका डाल उलटी करते. माह्या डालीवर म्या ठेवला. तिच्या डालीवर — म्हटलं, ज्याचं त्यानं पाहाव, लाल दोऱ्याले कोणी हात लावाचा नाही म्हणे ना, मंग डालीले तरी काहून लावू. सकाळी उठून पाहते त डाल उलटी अन् अंगणभर पिसं. झाडता झाडता हात थकले माहे. सारे गेले. म्हणजे — एक सोडून सारे. हे तेवढं वाचलं. खाटेखाली लपलं होतं. हाव, खाटेखाली.

तिले नाही माहीत. अन् तुम्हीही सांगू नोका. अश्वजितले वाटते, आईले काही ऐकू येत नाही. जेवण झालं का मोबाईल घेऊन मोरीच्या मांगं जाते तो, अन् मी मोरीतच भांडे घासत असते. तिकडून ते विचारते, आई कशा आहेत — नाही, खोटं कायले बोलू, ते नाही विचारत. ते विचारते, पिल्लं कसे आहेत. हा म्हणते, मस्त आहेत. कारण त्याले म्याच सांगतलं, मस्त आहेत. तिनं रोज विचाराव, यानं रोज मस्त म्हणाव, अन् म्या मोरीत बसून तेच पातेलं घासत राहाव, त्याचा फोन होयलोक. मंग एक दिवस तो म्हणे, आई, लाल दोऱ्याचे दिसतच नाही कुठी. म्हटलं, चरत असन. दुसऱ्या दिवशी परत तेच. आता दाखवाले एक त पाहिजे ना — म्हणजे होतंच हे एक वाचलेलं, तेच दाखवलं. तुम्ही लय बारीक ऐकता, इवाई. तवा जेवताना इतकं ध्यान ठेवलं असतं त पोरीचा थांबलेला हात तरी दिसला असता.

आता घट्ट धरा. नरम पडली खपली. हा चिमटा तिच्याच डब्यातला, सुई काढाचा, उकळत्या पाण्यातून काढून घेतला म्या. — निघाली. पाहा खाली, पिवळा खडा. तुमची पोरगी म्हणे तसाच. तिच्यासमोर काही मी हे म्हणणार नाही, पण ट्रेनिंगमंधी काही वायफळ नाही शिकवलं त्याइनं. अन् हा पाहा दोरा. लाल. केवढा रुतला होता. आला सारा. झालं आता, हळद लावू अन् — काय? कुठी अजून? हिरवं? नाही हो. पू आहे तो. पू हिरवा असते. — मघा पिवळा म्हटलं? तो ताजा होता, हा जुना. जुना झाला का हिरवा होते. — तुम्ही एसटी चालवली का जनावराचा दवाखाना? — पूच आहे. ओढू नोका. ओढू नोका म्हणते ना —

हाव. पूले गाठ नसते, ते मलेही समजते.

हळू. हळू बोला. ऑटो दारातच उभा आहे, बाहीर सारं ऐकू जाते. कोणाले म्हणजे? म्या का आंधळी आहे? तुम्ही उतरले तवाच पाह्यलं म्या, ऑटोत मांगं कोण बसलं आहे ते. डोक्यावरून पदर घेतला म्हणून का चप्पल लपते? ते चप्पल म्याच घेऊन देल्ली तिले, वणीच्या बाजारातून. इतक्या वेळची मी इतक्या मोठ्यानं तुमच्यासाठी बोलून राह्यली का? तुमचे कान त ठणठणीत आहेत. पण हे आता सांगते, ते तिच्या कानावर जाऊ देऊ नोका. माहं आहे हे पिल्लू. तिचं एकही नाही वाचलं. अश्वजित रोज विचारे, तिकडं ते रोज विचारे, मंग म्या माह्यातलं एक धरलं अन् हिरव्यावरूनच लाल बांधला. तो उठाच्या आधी, घाईघाईनं, हिरवा सोडाले कुठी टाइम होता, अन् डोळ्यावर चष्मा नाही. एकावर एक दोन दोरे झाले. पाय सुजला, तरी मी हात लावाले भेत होती, लाल सोडला त खालचा दिसन म्हणून. भोगलं या मुक्यानं, माह्यापायी. पण मी तरी काय करू? आली असती अन् अंगणात तिचं एकही नसतं, त का सांगतलं असतं म्या तिले? आधी कोंबडा बापाले खाऊ घातला, मंग पिल्लं बोक्याले खाऊ घातले? मंग ते अजून कायले राह्यली असती या घरात? — हसू नोका. तुम्ही अन् बोका एकच आहे, असं म्या म्हटलं नाही.

तो दोरा पाण्यात टाकू नोका, तरंगते, दिसन. चुलीतही नोका, ते आल्याबरोबर चुलीतच पाहते, जाळ बरोबर आहे का नाही. तुमच्या खिशात टाका. टाका मुकाट्यानं. माह्या लुगड्याले कुठी खिसा आहे? हां. आता हळद लावते, झोंबन त्याले. नीट धरा — ओरडू दे रे बाप्पा, ओरडू दे, झालं, झालं, एवढा गळा काढाले का कोणी कापून राह्यलं का तुले —

चप्पल बाहीर काढ. आताच सारवलं.

म्या कोणाले या म्हटलं नाही. पिल्लाचा आवाज ऐकून आली ना, मंग पिल्लालेच पाह्य. माह्याकडं कायले पाहतं? बारीक-बिरीक काही नाही झाली मी. — पट्टी अशी नाही? मंग कशी? मले का माहीत, तूच त शिकून आली. सांग. बोटाच्या मंधातून घ्याची अन् मंग वर? बरं. घे, तूच बांध, माह्या हातानं सुटते ते. घे तुह्या बापाजवळून, त्याइच्या हातात कवाचं थरथरून राह्यलं बिचारं. — हाव, तुहंच आहे. हाच लाल दोरा होता ना त्याच्या पायाले, हा पाह्य, अठी पडला. बाकीच्याइचं मंग सांगते, निवांत बसून सांगते. पण हे तुहं. विचार बापाले. सांगा न इवाई, लालच होता का नाही? — पाह्य. हाव म्हणते. एसटीतला माणूस आहे, खोटं बोलणार नाही.

अन् तुम्ही कायले उभे राह्यले, इवाई? हात मोकळे झाले ना तुमचे. मशीन? मशीन कशी न्याल आता? याले रोज नवीन पट्टी लागते, चिंध्या साऱ्या तिच्याच डब्यात आहे. अन् पट्टीले दोन माणसं लागते, एक धराले अन् एक बांधाले, तुम्ही आता पाह्यलंच. पाय बरा होऊ द्या, मंग पाहू कोणाचं काय न्याचं ते. आज तुमच्या खिशात आहे तेवढं सामान न्या. ऑटोवाल्याले कवाचं ताटकळत ठेवलं तुम्ही. — चहा राह्यला, पुढच्या वेळी घ्या. अन् येतांनी फोन करून या, म्हणजे वांगे आणून ठेवीन. जा आता. दार लोटून घ्या जाता जाता, बोका येते.